तो शब्द गाळून लिही

धानोरा,
ता. ९ फेब्रुवारी १९३६

रा. रा. लोटन दौलत पाटील, हेडक्लार्क, मुक्काम नवापूर, यांस,

वर 'तीर्थरूप दादा' लिहायचं म्हणून दोनदा टाक शाईत बुडवला आणि दोनदा पुसून ठेवला. नमस्कार घालायचाच तर कोपरापासून घालते, तो घे. साडेपाच वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू दर दिवाळीला कार्ड टाकत राहिलास, ती सगळी मी चुलीत घातली. न वाचता घातली असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. वाचून घातली.

आज लिहिते आहे, कारण तुझी शेंडी माझ्या हातात आली आहे.

काल शोभाबाई आली होती. आमच्या गल्लीच्या टोकाचं त्यांचं घर, चार बैलजोड्यांचं. तिच्या धाकट्याने तुझ्या फुलीला नंदुरबारला कुणाच्या लग्नात पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं की करायची तर हीच. शोभाबाई माझ्या ओट्यावर बसली, गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि मग मुद्द्यावर आली. म्हणाली, "बाई, तुन्ही भाची शे. तू हा म्हनशी ते आमी बी हा म्हनसूत."

आपली रीत तुला मी सांगायला नको. ज्या गावात मुलीची आत्या, आपली फुई, दिलेली असते त्या गावात मुलगी द्यायची तर आधी फुईच्या तोंडून ऐकतात. कोण कोणाच्या कुळातला, कोणाचं घर किती माळ्यांचं, हे मग. फुई हो म्हणाली की सुपारी फुटते. फुईने नुसतं तोंड वाकडं केलं तरी लोक चपला घालतात.

फुलीला सतरावं लागलं. दोन स्थळं परत गेली, तेही माझ्या कानावर आहे. साहेबाच्या कानाला लागलेल्या माणसाशी सोयरीक नको, असं तापीकाठी कोणी तोंडावर म्हणत नाही, पत्रिकेवर ढकलतात. हे तिसरं स्थळ स्वतःहून चालत आलं आहे, आणि त्याची किल्ली माझ्या कनवटीला आहे.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. १९३० चा श्रावण. धानोऱ्यात एका सकाळी नऊ कागद चिकटवलेले सापडले, चावडीवर, विहिरीच्या काठावर, पाराला. 'रविवारी विळे घेऊन जंगलात गवत कापायला चला. गवत आपलं आहे.' त्याच आठवड्यात तुझ्या फिरत्या साहेबाचा तंबू गावाबाहेरच्या आमराईत पडला होता आणि तू त्याचा कारकून म्हणून बरोबर होतास. साहेबाने विचारलं, हे कोणी लिहिलं असेल, रिपोर्ट करा. रिपोर्ट तू केलास, त्याने नुसती सही ठोकली. त्याची नक्कल खटल्याच्या वेळी काढली होती, ती माझ्यापाशी आहे. 'द हँडबिल इज प्रिझ्यूमेबली इन द हँड ऑफ द हेडमास्टर.' हेडमास्तर म्हणजे तुझा मेहुणा. म्हणजे माझा नवरा.

एवढ्या एका ओळीवर मास्तरांची शाळा गेली. सहा महिने तुरुंग झाला. खोकला घेऊन परत आले आणि दुसऱ्या पावसाळ्यात गेले. माझ्या सासूबाई, धनुबाई, त्या दिवसापासून रोज सकाळी चूल पेटवताना तुझं नाव घेऊन शिव्या देतात. थोरल्या मुलाच्या घरी दूधदुभतं असताना ती म्हातारी माझ्याजवळ राहिली, माझ्या कोरड्या भाकरीवर. तिच्या शिव्या मी रोज ऐकते. मला बरं वाटतं.

शोभाबाईला सांगितलं, होळी झाली की सांगते. होळीला महिना आहे. तोवर तू घाबर.

भिकुबाई


धानोरा,
ता. २३ फेब्रुवारी १९३६

लोटन दौलत यांस,

तुझं चार पानी पत्र मिळालं. वर तू लिहिलंस, 'गं. भा. भिकुबाईस आशीर्वाद.' गंगाभागीरथी. ती दोन अक्षरं माझ्या नावाआधी कोणामुळे लागली, हे लिहिताना तुझा हात थबकला नाही? तुझं अक्षर मात्र अजून तसंच आहे, मोत्यासारखं. त्या अक्षरावर तुला नोकरी लागली होती.

चार पानांचं सार एवढंच की मी कुठे लिहिलं मास्तरांनीच केलं म्हणून, मी तर 'प्रिझ्यूमेबली' लिहिलं होतं. तुला त्याचा अर्थ कळणार नाही, भिकी. वरच्या लोकांनी तो शब्द वाचला नाही, त्यात माझा काय दोष.

अर्थ मला कळतो, दादा. तुरुंगातून आल्यावर मास्तरांना दुसरं काम नव्हतं. कडुनिंबाखाली बाज टाकून पडायचे. अमरचंद शेठच्या दुकानी कापसाच्या भावाच्या तारा इंग्रजीत येतात, म्हणून त्याने एक डिक्शनरी ठेवली आहे, पुठ्ठा निघालेली. ती मागून आणली आणि मास्तरांनी मला इंग्रजी शिकवायला घेतलं. दुसरं पुस्तक नव्हतंच, तेव्हा तुझा रिपोर्ट हाच माझा पहिला धडा. सात ओळींचा आहे. मला तो पाठ आहे.

त्या शब्दाशी आलो तेव्हा ते हसले. म्हणाले, हा नीट शिक, यात गंमत आहे. दुरडीतली भाकरी गेली आहे असं समज. 'परहॅप्स' कुत्र्याने नेली म्हटलं तर देव जाणे कोणी नेली, कुत्र्याचंही नाव घेऊन ठेवलं. 'प्रॉबेबली' कुत्र्याने नेली म्हटलं तर दाराशी त्याचे पाय उमटलेत. आणि 'प्रिझ्यूमेबली' म्हटलं तर पाय-बिय कोणी पाहिलेले नाहीत, पण घरात कुत्रा आहे, मग दुसरं कोण नेणार? असं गृहीत धरायला कोणाची हरकत आहे? मी विचारलं, मग पुढे काय होतं? म्हणाले, पुढे कुत्र्याला काठी बसते. काठी मारणाऱ्याने काही गृहीत धरलेलं नसतं, आणि गृहीत धरणाऱ्याच्या हातात काठी नसते.

पण ते असंही म्हणाले, आणि हे मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते, की शब्द वाईट नाही. ज्याला ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक नाही हे ज्याला इमानाने सांगायचं आहे, त्याच्यासाठी तो चांगला शब्द आहे. तुझ्यावर त्यांचा राग नव्हता. ते माणूस होतेच तसे. राग सगळा माझ्या वाट्याला आला, मी तो जपून वापरते.

वरच्यांनी शब्द वाचला नाही म्हणतोस. तुझा रिपोर्ट वर गेला, तिथे त्याचा सारांश झाला, सारांशावरून हुकूम निघाला. हुकुमाचीही नक्कल आहे माझ्याकडे. 'ज्याअर्थी सदरहू पत्रक हेडमास्तराच्या हातचे आहे.' तो शब्द वाटेत कुठे गळाला तो गळाला. तुला तेव्हा कारकुनीत अकरा वर्षं झाली होती. असे शंभर सारांश तू स्वतः केलेस. पाखडताना आधी काय उडतं हे तुला ठाऊक नव्हतं, तर कोणाला होतं? तुला त्या शब्दाची गरज फक्त अशासाठी होती की उद्या कोणी विचारलंच तर दाखवता यावा. आज दाखवतोच आहेस.

आता माझं ऐक. शोभाबाईला मी फुलीबद्दल वाईट एक अक्षर बोलणार नाही. तिने काल विहिरीवर परत विचारलं, मी नुसती हसले. मी एवढंच म्हणायचं की, "पोर चांगली व्हई." व्हई. असेल बुवा. यात मी काय पाप केलं? पण विहिरीवरून घरी जाईपर्यंत तो 'व्हई' उडालेला असेल, आणि संध्याकाळी गावात होईल की सख्खी फुईसुद्धा पोरीची खात्री देत नाही. मग तू यायचं माझ्याकडे आणि मी तुला सांगायचं की मी कुठे काय म्हणाले, मी तर 'व्हई' म्हणाले होते.

हे टाळायचं असेल तर मला एक वाक्य पाहिजे. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं. ते नऊ कागद कोणाच्या हातचे आहेत हे तुला त्या दिवशी ठाऊक होतं की नव्हतं, आणि होतं तर कोणाच्या. तो शब्द गाळून लिही. त्याचे मराठी भाऊबंदही नकोत.

ते वाक्य पुढे कोणाच्या टेबलावर जाईल, तुझ्या पेन्शनीचं काय होईल, याची काळजी तू कर. मला तुझ्या बायकापोरांचं वाईट वाटत नाही असं नाही. वाटतं, आणि तरी मागते आहे.

भिकुबाई


धानोरा,
ता. ११ मार्च १९३६

दादा,

होळी झाली. तुझा कागद होळीच्या दिवशीच आला. मी तो ओट्यावर बसून वाचला आणि इतकी हसले की सासूबाई आतून विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

'माझ्या अल्पमतीप्रमाणे व तत्कालीन परिस्थितीत, सदरहू पत्रक बहुधा अन्य व्यक्तीच्या हातचे असण्याचा संभव सर्वस्वी नाकारता येत नाही.'

वाहवा. एक शब्द गाळ म्हटलं तर पाच घातलेस. कागद सोबत परत पाठवते आहे. जिथे जिथे तू लपला आहेस तिथे तिथे कुंकवाने रेघ ओढली आहे. माझ्या कपाळाला ते लागत नाही, घरात तसंच पडून होतं.

शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस की भिकी, हट्ट सोड, हे तुझ्याच भल्यासाठी झाकून ठेवलं आहे. आता झाकलेलं आपण उघडू. या पत्राला आपल्या दोघांशिवाय वाचणारा कोणी नाही.

ते नऊ कागद मी लिहिले होते.

मास्तरांना पत्ता नव्हता. मी ज्वारीच्या पिठाची खळ केली, लुगड्याखाली कागद घेतले आणि पहाटे पाण्याला निघाल्यासारखी निघाले. रिकाम्या घागरीत खळ होती. माझ्या डोक्यात काय होतं विचारशील तर गवत होतं. आदल्या वर्षी माझ्यासमोर जंगलखात्याच्या शिपायांनी रानातल्या बाईच्या डोक्यावरचा गवताचा भारा रस्त्यात उतरवून पेटवला होता, तो वास माझ्या नाकातून जात नव्हता. आणि मला लिहिता येत होतं. लिहिता येणाऱ्या माणसाला कधीतरी लिहावंसं वाटतं.

लिहायला मला कोणी शिकवलं? तू. तू नंदुरबारच्या शाळेतून यायचास आणि मला ओट्यावर बसवून माझ्या हातावर हात ठेवून पाटीवर गिरवून घ्यायचास. बाप म्हणायचा, पोरीला कशाला, तर तू म्हणायचास, माझा सराव होतो. तुझा 'ळ' शेवटी शेपटी वर उचलतो, माझाही उचलतो. तुझा 'ग' काठीला टेकून उभा असतो, माझाही तसाच. रेषेचा फरक नाही.

तेव्हा साहेबाने तो कागद तुझ्या हातात दिला, त्या क्षणी तुला काय कळलं हे मला पुरतं ठाऊक आहे. मास्तरांचं अक्षर तू ओळखत होतास. किरटं, मुंग्या चालल्यासारखं. या अक्षराशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं. हे अक्षर जगात दोघांचं होतं. एक तू, एक मी.

साहेबाने गावात लिहिता येणारी माणसं किती असं विचारलं असेल. तू मोजली असशील: मास्तर, तलाठी, अमरचंद शेठ आणि त्याचा मुनीम. चार. बाईला कोण मोजतं? साहेब मोजणार नव्हता, फौजदार मोजणार नव्हता. फक्त तू मोजू शकत होतास. तू मला मोजलंस आणि मग खोडलंस. आणि माझ्या जागी माझा नवरा लिहिलास.

ज्याला ठाऊक नाही त्याने वापरायचा शब्द तू ठाऊक असताना वापरलास. त्याचा मला संताप आहे. तू चुकीचं गृहीत धरलं असतंस तर मी तुला माफ केलं असतं, चूक कोणाची होत नाही. तू काहीच गृहीत धरलं नव्हतंस.

मास्तरांना न्यायला आले तेव्हा त्यांनी तो कागद प्रथमच पाहिला. फौजदार म्हणाला, अक्षराचा नमुना द्या. मास्तरांनी कागद पाहिला, माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही, आणि म्हणाले, "नमुना कसाले? मी लिखेल शे." पुढे मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मला हळूच म्हणाले, "नऊ कागदमा दोन चुका शेतस. मास्तरनी इज्जत गई." आणि हसत होते. नंतर शपथ घातली की तोंड उघडायचं नाही. सासूबाईंपुढेही नाही.

तू मला वाचवलंस, असं तुला ऐकायचं असेल. मी तुला सांगितलं होतं का, मला वाचव म्हणून? मला विचारलं असतंस तर मी साहेबाच्या तंबूत चालत आले असते. किंवा नसते आले. पण ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस. माझा नवरा ही तुझ्या घरची वस्तू नव्हती, माझ्या बदल्यात द्यायला.

आणि खरंच मला वाचवत होतास का? ते अक्षर तुझंही होतं. साहेबाने कागदाकडे पाहून एकदा तुझ्याकडे पाहिलं असेल, नाही? तुझ्या नोकरीचा घाम तुझ्या कपाळावर आला असेल, की बहिणीच्या काळजीचा? हेही त्या कागदात लिही.

शोभाबाईला पाडव्यापर्यंत थांब म्हटलं आहे. ती आता माझ्याकडे संशयाने बघायला लागली आहे. आणखी थांबवली तर माझ्या थांबण्याचंच उत्तर होईल.

भिकुबाई


धानोरा,
ता. २ एप्रिल १९३६

दादा,

पाडव्याच्या आदल्या दिवशी टपालात दोन पत्रं आली. दोन्हींवर पत्ता एकाच अक्षरात. एक तुझं आणि एक फुलीचं. पोरीलाही तू तेच वळण दिलंस. तिचं कार्ड हातात घेतलं तेव्हा मला वाटलं मीच मला पत्र टाकलं आहे. लिहिलं होतं, 'फुई, माझ्यासाठी खोटं बोलू नको. पण खरं बोलणार असशील तर लवकर बोल, आई जेवत नाही.' बस, एवढंच. तुझ्या चार पानांत नव्हतं ते एका ओळीत.

तुझा कागद मग उघडला.

'सन १९३० च्या श्रावणात धानोऱ्यात चिकटवलेली पत्रके माझी बहीण भिकुबाई हिच्या हातची होती. हे मला पाहताक्षणी कळले. हेडमास्तर रेवजी यांचे नाव मी घातले, कारण तो परका होता व ती माझी होती. तिला वाचवायचे होते. मलाही वाचायचे होते. आधी कोणते मनात आले ते मला आजही सांगता येत नाही.' खाली सही, तारीख, हुद्दा.

एकही शब्द लपलेला नाही. मी कुंकू घेऊन बसले होते, रेघ ओढायला जागा मिळाली नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, पण ती पळवाट नाही हे मला कळलं. तुला खरंच ठाऊक नाही.

पाडव्याला सकाळी शोभाबाईकडे गेले. तिच्या सासऱ्यांसमोर, दोन्ही दिरांसमोर सांगितलं, "पोर चांगली शे. मी सांगस." ती म्हणाली, इतके दिवस मग का लावलेस? मी म्हटलं, भावाशी माझं भांडण होतं, पोरीशी नव्हतं. त्यांनी सुपारीचा दिवस विचारला, मी वैशाखातल्या आखाजीच्या आधीचा दिला. तुझं काम झालं. फुलीला नीट लुगडी घे, हात आखडू नकोस.

आता माझं सांगते.

तुझा कागद हाती आल्यावर मला इतका आनंद झाला, इतका, की लग्नातही झाला नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाला म्हातारी शिव्या देते, त्याचा कबुलीजबाब त्याच्याच अक्षरात. शोभाबाईकडून घरी आले. सासूबाई उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, माय, ऐका, लोटनने कबूल केलं. त्याने जाणूनबुजून केलं. त्याला ठाऊक होतं मास्तरांनी लिहिलं नाही. आणि कागद वाचायला लागले. तुझं मराठी कचेरीचं, म्हणून एकेक वाक्य अहिराणीत सांगत गेले. माझा आवाज चढला होता. शेजारची बाई डोकावून गेली.

मला त्या कागदात तू एकटाच दिसत होतास. पहिल्याच वाक्यात मी आहे, हे वाचताना माझ्या ध्यानातच आलं नाही. शप्पथ सांगते, आलं नाही. इतकी मी तुझ्यामागे लागले होते.

वाचून संपलं आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आता शिवी येईल म्हणून. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं.

म्हणाल्या, "तू माले रोज भाकर वाढे, तव्हय बी तुले ठाऊक व्हतं?"

मी म्हटलं, "हा, माय."

"मन्हा आंडोरले बी ठाऊक व्हतं?"

"हा, मास्तरले बी."

त्यांनी पदरातले तांदळाचे दाणे झटकले. मग म्हणाल्या, "मंग माले एकलीलेच ठाऊक नव्हतं."

एवढंच. ना शिवी, ना रडणं. मी पायांवर पडले. शपथ घातली होती म्हणाले. मास्तर गेल्यावर शपथ कोणाची, असं त्यांनी विचारलं नाही, पण मला ऐकू आलं. आणि तुला खोटं का सांगू, शपथेमुळे मी गप्प नव्हते. भीतीने होते. पहिले काही दिवस तुरुंगाची, आणि मग पाच वर्षं या म्हातारीची. ती रोज तुला शिव्या द्यायची आणि मी शेजारी बसून भाकरी थापायचे. त्यातली निम्मी शिवी माझी आहे हे मला रोज कळत होतं. मी ती सगळी तुझ्या ताटात वाढत होते.

संध्याकाळच्या आत त्यांनी वाकळ गुंडाळली, तांब्या घेतला आणि थोरल्या मुलाकडे, उखाभाऊंच्या घरी गेल्या. तीन घरं सोडून. उखाभाऊंनी मला विचारलं, आईशी काय झालं? मी सांगणार होते. त्या आतून म्हणाल्या, काही नाही झालं, इथे सावली चांगली आहे. माझं नाव त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी रोज दुपारी भाकरी आणि वरण घेऊन जाते. त्या ताट घेतात. ज्या हातांनी दिलं त्यांच्याकडे बघत नाहीत. मी ताट धुऊन परत आणते. सकाळी घरात आवाज नसतो. चूल मी पेटवते, तुझं नाव कोणी घेत नाही.

तुझा कागद माझ्यापाशी आहे. त्याचं काय करायचं ते ठरवलेलं नाही, आणि ठरवलं तरी तुला कळवणार नाही. तेवढं तुझ्या मानेवर राहू दे. मी तुला माफ केलेलं नाही, हे लग्नाच्या गडबडीत विसरू नकोस. लग्नाला येईन. विधवा फुई मांडवात मागे बसते तशी मागे बसेन, फुलीवर अक्षता टाकीन आणि परत येईन. तू समोर आलास तर बोलेन, न आलास तर शोधणार नाही.

तू इतक्या वर्षांत भेटला असतास तर एक गोष्ट तुला विचारायची म्हणून मी ठरवून ठेवली होती. हे सगळं पोटात ठेवून, दादा, तू रोज जेवतोस कसा? आता विचारत नाही. मीही त्याच वर्षांत दोन्ही वेळा जेवले आहे, त्या म्हातारीच्या शेजारी बसून, आणि भूक लागायची.

तुझी,
भिकी